ट्यूमरपर्यंत पेप्टाइडनं औषध पोचवायचं गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीएस्सी-एमएस्सीची मुलं, फार्मसीवाले, गणितातून बायोलॉजीकडे वळलेले लोक, सगळे थोड्याफार फरकानं तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच इथे लिहून ठेवतोय. क्रम काही पक्का नाही, पाहिजे तिथून वाचा.

पेप्टाइडच का? केमोथेरपीचं औषध सरळ दिलं तर काय बिघडतं?

सरळ दिलेलं औषध सगळ्या शरीरात फिरतं, केस, आतडी, बोन मॅरो सगळ्यांना झोडपतं आणि त्यातला छोटासा वाटा ट्यूमरमध्ये जातो. पेप्टाइड म्हणजे अमिनो ॲसिडची छोटी साखळी, बहुतेक वेळा ५० पेक्षा कमी, आणि या कामात वापरतात ती तर बऱ्याचदा ५ ते १५ चीच असते. कॅन्सरच्या पेशीवर किंवा ट्यूमरच्या रक्तवाहिन्यांवर जे रिसेप्टर (पेशीवरची, ठरावीक रेणू पकडणारी प्रोटीन) जास्त असतात त्यांना ती साखळी ओळखते, आणि तिच्या शेपटीला औषध नाही तर रेडिओॲक्टिव्ह अणू बांधला की तो तिथे जाऊन चिकटतो. आरजीडी नावाचा तीन अमिनो ॲसिडचा तुकडा पेशींना चिकटतो हे १९८४ पासून माहीत आहे, पेशीवरच्या ज्या रिसेप्टरला तो धरतो त्याला इंटिग्रिन म्हणतात. अँटिबॉडीपण हेच काम करते, पण ती दीडशे किलोडाल्टनची (रेणूच्या वजनाचं एकक) अवाढव्य गोष्ट, पेप्टाइड एक-दीड किलोडाल्टनचं. या साइजच्या फरकावरच पुढचं सगळं गणित उभं आहे.

यात गणित नक्की कुठे येतं?

वेगांच्या शर्यतीत. पेप्टाइड शिरेत गेल्याबरोबर चार-पाच गोष्टी एकदम सुरू होतात, किडनी ते गाळून बाहेर काढायला लागते, एन्झाइम त्याचे तुकडे करायला लागतात, थोडं रक्तवाहिनीच्या भिंतीतून ट्यूमरमध्ये झिरपतं, तिथे पसरतं, रिसेप्टरला चिकटतं, सुटतं, परत चिकटतं, आणि काही पेशीच्या आत ओढलं जातं. प्रत्येक गोष्टीला आपापला वेळ लागतो, कुणाला सेकंद, कुणाला तास. मॉडेल म्हणजे या सगळ्या वेळा एकाच कागदावर आणून कोण आधी संपतं ते बघणं. हे एवढं डोक्यात बसलं ना की अर्धे पेपर वाचायला सोपे जातात, कारण बाहेरून कितीही अवघड दिसलं तरी आत बहुतेक वेळा हेच चाललेलं असतं.

साधं कंपार्टमेंट मॉडेल पुरेल की पार्शल डिफरन्शियल इक्वेशन लागतातच?

प्रश्न काय आहे त्यावर. «एकूण किती पेप्टाइड ट्यूमरमध्ये गेलं आणि किती वेळ राहिलं» एवढंच पाहिजे असेल तर रक्त, नॉर्मल टिश्यू, ट्यूमर, किडनी असे डबे करा, डब्यांमध्ये येण्याजाण्याचे रेट लिहा, झालं. पाच-सहा ऑर्डिनरी डिफरन्शियल इक्वेशनमध्ये काम होतं आणि डेटाशी जुळवताही येतं.

पण «रक्तवाहिनीपासून ८० मायक्रॉन लांब असलेल्या पेशीला काही मिळालं का» असं विचारलंत तर डबा उपयोगाचा नाही, कारण डब्यात सगळं सारखं मिसळलंय असं आपण आधीच धरलेलं असतं. मग जागा आणि वेळ दोन्ही घ्यावे लागतात, म्हणजे डिफ्युजन, प्रवाह आणि रिॲक्शन एकत्र. यातला जुना आणि अजूनही कामाचा प्रकार म्हणजे क्रोग सिलिंडर. ऑगस्ट क्रोगनं १९१९ मध्ये स्नायूतल्या ऑक्सिजनसाठी तो मांडला होता, मधोमध एक केशवाहिनी आणि भोवती टिश्यूचा गोल नळकांडा. ऑक्सिजनच्या जागी पेप्टाइड घाला आणि बाइंडिंगची टर्म जोडा, तेच मॉडेल चालतं. खऱ्या ट्यूमरमधल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात हे खरं, पण पहिला अंदाज घ्यायला मला अजून तरी याच्याइतकं स्वस्त काही सापडलेलं नाही.

ट्यूमरच्या आत प्रेशर जास्त असतं म्हणतात, त्याचा पेप्टाइडला त्रास होतो का?

होतो, पण अँटिबॉडीला होतो तितका नाही.

नॉर्मल टिश्यूत पेशींमधल्या द्रवाचं प्रेशर शून्याच्या आसपास असतं. ट्यूमरमध्ये रक्तवाहिन्या गळक्या आणि लिम्फच्या नळ्या धड काम करत नाहीत, त्यामुळे द्रव आत येतो आणि बाहेर जायला वाट नाही, प्रेशर १०-२० मिलिमीटर पारा आणि कधीकधी त्याच्याही बरंच वर जातं. बॅक्स्टर आणि जैन यांनी १९८९ मध्ये याचं मॉडेल केलं, गोल ट्यूमर धरला, वाहिनीतून द्रव किती येतो त्याला स्टार्लिंगचा नियम आणि टिश्यूतून किती वाहतो त्याला डार्सीचा नियम लावला. उत्तर असं निघालं की ट्यूमरच्या आतल्या बहुतेक भागात प्रेशर जवळजवळ सपाट असतं आणि अगदी कडेला येऊन ते धाडकन खाली येतं. आता प्रवाह होतो प्रेशरच्या उतारावर, आत उतारच नाही तर प्रवाह कुठला? आणि कडेला उतार आहे पण तो बाहेरच्या दिशेला, म्हणजे द्रव उलटा बाहेर झिरपतोय.

मोठ्या रेणूला प्रवाहाचा आधार लागतो म्हणून तो अडकतो. पेप्टाइड छोटं, ते डिफ्युजनवरच निभावतं. मॉडेलमध्ये हे पेक्ले नंबरवरून कळतं, प्रवाहाचा जोर भागिले डिफ्युजनचा जोर. तो १ पेक्षा खूप कमी आला तर प्रवाहाची टर्म काढून टाका, उगाच कोड जड करू नका.

पेप्टाइड रिसेप्टरला जितकं घट्ट चिकटेल तितकं चांगलं, बरोबर ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर «नाही, एका मर्यादेपर्यंतच» असं आहे. इथे जरा आकडेमोड करू, कारण आकडे बघितल्याशिवाय पटत नाही.

टिश्यूमध्ये छोट्या पेप्टाइडचा डिफ्युजन कोइफिशंट धरू १०० चौरस मायक्रॉन प्रति सेकंद. रक्तवाहिनीपासून १०० मायक्रॉन जायचंय. वेळ साधारण अंतराचा वर्ग भागिले दुप्पट डिफ्युजन कोइफिशंट, म्हणजे १०,००० भागिले २००, आले ५० सेकंद. वा, एक मिनिट पण नाही!

आता रिसेप्टर आणा. एका पेशीवर १ लाख रिसेप्टर आणि एका मिलिलिटर ट्यूमरमध्ये १०० कोटी पेशी धरल्या तर रिसेप्टरचं कॉन्सन्ट्रेशन येतं साधारण १६६ नॅनोमोलर. पेप्टाइडचा केडी (चिकटण्याच्या घट्टपणाचा आकडा, जितका कमी तितकं घट्ट) १ नॅनोमोलर असेल, म्हणजे मस्त घट्ट, आणि पेप्टाइड कमी असेल, तर वाटेत लागणारा प्रत्येक रिसेप्टर त्याला थांबवतो आणि प्रवास जवळजवळ १ अधिक १६६, म्हणजे १६७ पट हळू होतो. ५० सेकंदांचे झाले ८,३५० सेकंद, सव्वादोन तासांच्याही थोडं वर. तोपर्यंत रक्तातलं पेप्टाइड बरंचसं किडनीनं काढून टाकलेलं असतं. मग होतं काय, वाहिनीला चिकटून असलेल्या पेशींच्या पहिल्या एक-दोन थरांतच सगळं अडकतं आणि मागच्यांना काहीच नाही. याला बाइंडिंग साइट बॅरिअर म्हणतात, १९८९-९० च्या सुमारास अँटिबॉडीच्या मॉडेलमधून ही गोष्ट पुढे आली आणि नंतर प्रयोगातही दिसली.

केडी १०० नॅनोमोलर केला तर तोच वेळ अडीचपटीच्या आसपास वाढतो, दोन-सव्वादोन मिनिटं फक्त. पण मग पेप्टाइड टिकतही नाही, सुटून परत रक्तात जातं. म्हणजे सैल केलं तर पसरतं पण राहत नाही, घट्ट केलं तर राहतं पण पसरत नाही.

सुटका दोन ठिकाणी आहे. एक, डोस वाढवून पुढचे रिसेप्टर भरून टाकायचे म्हणजे मागचं पेप्टाइड पुढे सरकतं (त्यासाठी औषध न बांधलेलं नुसतं पेप्टाइड सोबत देण्याचीही आयडिया आहे). दोन, असं औषध बांधायचं ज्याला प्रत्येक पेशीपर्यंत जायची गरजच नाही, ते खाली ल्युटेशियमच्या प्रश्नात येतंय.

केडी सारखा असलेली दोन पेप्टाइड सारखीच वागतात का?

नाही. केडी म्हणजे सुटण्याचा रेट भागिले चिकटण्याचा रेट. १ नॅनोमोलर केडीचं एक पेप्टाइड साडेअकरा मिनिटांच्या हाफ लाइफनं सुटू शकतं आणि दुसरं चिकटायलाही दसपट हळू आणि सुटायलाही दसपट हळू असेल तर जवळपास दोन तासांच्या. पेशी त्याला अर्ध्या तासात आत ओढत असेल तर पहिल्यातलं बरंच आत जायच्या आधीच सुटणार. म्हणून पेपरमध्ये नुसता केडी दिलेला असला की माझी चिडचिड होते, दोन्ही रेट वेगवेगळे द्या ना.

किडनीचा हिशोब मॉडेलमध्ये कसा धरतात?

किडनी मिनिटाला साधारण १२५ मिलिलिटर प्लाझ्मा गाळते, दिवसाचे १८० लिटर. पेप्टाइड इतकं छोटं की ते अडत नाही, पाण्याबरोबर गाळलं जातं. ते प्लाझ्मा आणि पेशींबाहेरच्या द्रवात मिळून १५ लिटरमध्ये पसरलं असं धरा आणि फक्त किडनीनंच काढलं असं धरा, तर हाफ लाइफ म्हणजे ०.६९३ गुणिले १५,००० भागिले १२५, आली ८३ मिनिटं. यापेक्षा बरीच कमी हाफ लाइफ मोजून आली तर समजा एन्झाइम किंवा लिव्हर पण हात मारतायत. सोमॅटोस्टॅटिन हे आपल्या शरीरातलंच १४ अमिनो ॲसिडचं पेप्टाइड, त्याची हाफ लाइफ १ ते ३ मिनिटं, म्हणजे किडनीची पाळी यायच्या आधीच एन्झाइमनी कापलेलं असतं. त्याचंच ८ अमिनो ॲसिडचं केलेलं रूप ऑक्ट्रिओटाइड, गोल बांधलेलं आणि उलट्या हाताचे अमिनो ॲसिड घातलेलं, ते दीड तासाच्या आसपास टिकतं.

अजून एक गोष्ट विसरली जाते, गाळलेलं सगळं लघवीत जात नाही, थोडं किडनीच्याच पेशी परत शोषून ठेवतात. साध्या औषधात चालून जातं, रेडिओॲक्टिव्ह असेल तर किडनीलाच डोस बसतो. तेव्हा किडनीला दोन डबे द्या, एक वाहून जाणारा आणि एक साठून राहणारा.

मग हाफ लाइफ वाढवत गेलो तर प्रश्न सुटला?

पेग (पॉलिमरची लांब साखळी) लावा, अल्ब्युमिन या रक्तातल्या मोठ्या प्रोटीनला चिकटणारी शेपटी लावा, हाफ लाइफ वाढते हे खरं. पण रेणू मोठा झाला की वाहिनीच्या भिंतीतून झिरपणं मंदावतं. श्मिट आणि विट्रप यांनी २००९ मध्ये साइज आणि ट्यूमरमध्ये साठणं यांचं मॉडेल केलं होतं, त्यात गंमत अशी की साधारण २५ किलोडाल्टनच्या आसपास सगळ्यात वाईट हाल निघाले. इतका मोठा की झिरपणं मंद आणि इतका छोटा की किडनी तरी काढून टाकतेच. एकदम छोटं आणि खूप घट्ट, नाही तर एकदम मोठं, ही दोन टोकं बरी. थोडंसं मोठं करून बघू म्हणणाऱ्यांनी हे आधी चालवून बघावं.

खऱ्या पेशंटमध्ये चाललेलं एखादं उदाहरण आहे का?

ल्युटेशियम १७७ डोटाटेट. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरवर सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर भरपूर असतात, त्यांना धरणारं पेप्टाइड आणि त्याला बांधलेला ल्युटेशियम. नेटर १ ट्रायलचे निकाल २०१७ मध्ये आले आणि अमेरिकेत जानेवारी २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. ७.४ गिगाबेकरेलचा एक डोस, दर ८ आठवड्यांनी, असे ४.

गणिताच्या नजरेनं हे इतकं छान का बसतं ते बघा. पेप्टाइड रक्तातून पटकन जातं त्यामुळे बाकी शरीराला कमी त्रास, ट्यूमरची पेशी ते आत ओढून घेते त्यामुळे तिथे दिवसेंदिवस राहतं, ल्युटेशियमची हाफ लाइफ ६.६ दिवसांच्या आसपास म्हणजे या राहण्याशी जुळणारी, आणि त्याचे बीटा कण टिश्यूत जास्तीत जास्त २ मिलिमीटरपर्यंत जातात, म्हणजे पहिल्या थरात अडकलेलं पेप्टाइडसुद्धा मागच्या पेशींना मारतं. वरचा बाइंडिंग साइट बॅरिअर इथे फारसा नडतच नाही! किडनीचा प्रश्न मात्र राहतो, म्हणून सोबत लायसिन आणि आर्जिनिन शिरेतून देतात, ते किडनीचं परत शोषणं कमी करतात. मॉडेलमध्ये हे म्हणजे साठणाऱ्या डब्याचा एकच रेट खाली आणणं.

शिवाय त्याच पेप्टाइडला गॅलियम ६८ लावून पेट स्कॅन करता येतो, म्हणजे त्याच माणसाच्या ट्यूमरमधले आकडे आधी मिळतात. फक्त गॅलियमची हाफ लाइफ ६८ मिनिटं, त्यामुळे पहिल्या काही तासांचंच दिसतं, पुढच्या दिवसांचं मॉडेलवर सोडावं लागतं.

सिलेंगिटाइड फेल गेलं, ते मॉडेलनं आधीच सांगितलं असतं का?

सिलेंगिटाइड हे गोल आरजीडी पेप्टाइड, ते काही वाहून नेत नव्हतं, स्वतःच औषध होतं. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या ट्यूमरमध्ये फेज ३ झाली, २०१४ मध्ये निकाल छापून आले, आयुष्य वाढलं नाही. मॉडेलनं नक्की ओळखलं असतं असं म्हणणं म्हणजे मागाहून शहाणपण. पण एक हिशोब करण्यासारखा आहे. २००९ मध्ये उंदरांवर असं दिसलं होतं की अशा औषधांचं कॉन्सन्ट्रेशन नॅनोमोलरमध्ये, म्हणजे खूप कमी असलं तर उलट ट्यूमरच्या रक्तवाहिन्या वाढायला मदत होते. डोस आठवड्यातून दोनदा आणि हाफ लाइफ काही तासांची. कॉन्सन्ट्रेशन दसपट खाली यायला ३.३ हाफ लाइफ लागतात, तर दोन डोसच्या मध्ये औषध त्या नकोशा पट्ट्यातून बराच वेळ जात असणार. फेल व्हायचं कारण हेच होतं असं मी म्हणत नाही, पण सर्वात जास्त लेव्हल किती एवढंच न बघता खाली उतरतानाचा वेळ पण मोजा, हे मात्र यातून घेण्यासारखं आहे.

आयआरजीडीचं मॉडेल वेगळं लागतं का?

हो. आयआरजीडी हेही आरजीडी असलेलं गोल पेप्टाइड, पण त्याला दोन पायऱ्या आहेत. आधी इंटिग्रिनला चिकटतं, मग एन्झाइम त्याला कापतं आणि उघडं पडलेलं टोक न्यूरोपिलिन १ या दुसऱ्या रिसेप्टरला चिकटून टिश्यूत आत जाण्याचा रस्ता चालू करतं. म्हणजे तीन अवस्था धरा, पूर्ण, कापलेलं, आणि न्यूरोपिलिनला बांधलेलं. भिंतीतून झिरपण्याचा रेट इथे स्थिर आकडा राहत नाही, तो तिसऱ्या अवस्थेवर अवलंबून वाढतो, आणि रिसेप्टर मोजके असल्यामुळे कुठेतरी तो वाढायचा थांबतो. सरळ रेषेत वाढवलात तर मॉडेल भन्नाट उत्तरं देतं आणि ती चूक असतात.

पॅरामीटर कुठून आणायचे?

चिकटण्या-सुटण्याचे रेट सरफेस प्लास्मॉन रेझोनन्सवरून, आत ओढण्याचा रेट पेशींवरच्या प्रयोगातून, डिफ्युजन स्फेरॉइडमधून (लॅबमध्ये वाढवलेले पेशींचे गोळे) किंवा फ्लुरोसन्सवरून, क्लिअरन्स प्राण्यांच्या रक्तातून. एवढं करून दोन-तीन तरी उरतातच जे मोजलेले नसतात.

मग लोक काय करतात, ट्यूमरमधल्या एकूण पेप्टाइडचा एक ग्राफ घेतात आणि त्यावर आठ पॅरामीटर एकदम फिट करतात. ग्राफवर रेषा सुंदर बसते, पण आकडे निरर्थक असतात, कारण रिसेप्टरची संख्या दुप्पट आणि चिकटण्याचा रेट निम्मा केला तरी जवळजवळ तीच रेषा येते. हा आयडेंटिफायेबिलिटीचा प्रश्न, आणि रिव्ह्यू करणाऱ्यानं पहिला हाच विचारला पाहिजे. प्रोफाइल लाइकलिहूड काढा (एक पॅरामीटर धरून ठेवून बाकीचे परत फिट करत बघायचं), नाही तर बेजियन पद्धतीनं पूर्ण पसारा दाखवा, आणि सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस सगळे पॅरामीटर एकदम हलवून करा, एकेक हलवून नको.

उंदरावरून माणसाचे आकडे कसे काढायचे?

ढोबळ नियम असा की क्लिअरन्स वजनाच्या ०.७५ घातानं आणि हाफ लाइफ ०.२५ घातानं वाढते. २० ग्रॅमचा उंदीर आणि ७० किलोचा माणूस म्हणजे ३,५०० पट, त्याचा ०.२५ घात साधारण ७.७. उंदरात १५ मिनिटं असेल तर माणसात दोन तासांच्या थोडं आत. पण डिफ्युजनला वजनाशी घेणंदेणं नाही, १०० मायक्रॉन दोघांतही १०० मायक्रॉनच! म्हणजे माणसात पेप्टाइडला पसरायला जास्त सवड मिळते आणि उंदरात फसलेलं घट्ट पेप्टाइड माणसात कमी फसू शकतं. उलट उंदराचा ट्यूमर त्याच्या शरीराच्या मानानं फार मोठा असतो, तोच बराच डोस खाऊन बसतो, माणसात तसं नसतं.

सॉफ्टवेअर कोणतं?

पायथनमध्ये सायपाय पुरतं, आरमध्ये डीसॉल्व्ह, मॅटलॅब असेल तर सिमबायॉलॉजी. जागेसकट करायचं तर कॉमसॉल किंवा फुकटातलं फेनिक्स. बाइंडिंग सेकंदात आणि क्लिअरन्स तासांत चालतं म्हणून सिस्टिम स्टिफ होते, साधा रुंगे-कुट्टा लावला तर रात्रभर चालत बसेल, बीडीएफ किंवा एलसोडा हे स्टिफ सिस्टिमसाठीचे सॉल्व्हर लावा.

मॉडेल चालतंय पण आकडे विचित्र येतात, कुठे बघू?

युनिट. पहिलं युनिट. नॅनोमोलर आणि मोल प्रति घनमीटर यांची सरमिसळ, तास आणि सेकंद यांची सरमिसळ. ते बरोबर असेल तर बघा की ट्यूमरचं पूर्ण व्हॉल्यूम धरलंय की पेप्टाइडला मिळणारी पेशींमधली मोकळी जागाच, कारण केडीची तुलना त्या मोकळ्या जागेतल्या कॉन्सन्ट्रेशनशी करायची असते (वरच्या १६६ मध्ये मी ही दुरुस्ती केलेली नाही, केली तर तो आकडा अजून वाढतो). मग सगळ्या डब्यांतलं पेप्टाइड आणि बाहेर गेलेलं मिळवून दिलेल्या डोसइतकं येतंय का ते तपासा. येत नसेल तर कुठल्यातरी एका इक्वेशनमध्ये वजा केलेली टर्म दुसऱ्यात अधिक करायची राहिलीय.

हे वापरून एखाद्या पेशंटचा डोस ठरवता येतो का?

रेडिओॲक्टिव्ह पेप्टाइडमध्ये किडनी आणि ट्यूमरला किती ग्रे (शोषलेल्या रेडिएशनचं एकक) बसले ते स्कॅनवरून आणि मॉडेलवरून काढतात, पण तिथेही निर्णय न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर आणि फिजिसिस्ट घेतात. आपण लॅपटॉपवर केलेल्या मॉडेलवरून कुणाचा डोस ठरवायचा नाही. दहा पेप्टाइडपैकी कुठली दोन उंदरापर्यंत न्यायची, हे ठरवायला मात्र ते बिनधास्त वापरा.

मशीन लर्निंगनं हे सगळं होणार नाही का आता?

कुठलं पेप्टाइड कुठल्या रिसेप्टरला चिकटेल हे शोधायला त्याचा चांगला उपयोग होतोय. ट्यूमरच्या आतलं पसरणं शिकायला मात्र डेटा फारच थोडा आहे, पाच वेळांना मोजलेले पाच ठिपके, त्यावर काय शिकणार. तिथे वस्तुमान कुठे गेलं याचं इक्वेशनच जास्त भरवशाचं.

मला गणित येतं, बायोलॉजी नाही. सुरुवात कशी करू?

क्रोग सिलिंडर घ्या, त्यात मोकळं पेप्टाइड, चिकटलेलं आणि आत ओढलेलं असे तीन व्हेरिएबल ठेवा, वाहिनीच्या काठावर उतरत जाणारं रक्तातलं कॉन्सन्ट्रेशन द्या आणि केडी ०.१ पासून १००० नॅनोमोलरपर्यंत फिरवून बघा. मग थिएल मॉड्युलस म्हणजे काय ते वाचा, केमिकल इंजिनिअरिंगमधल्या कॅटलिस्टसाठी १९३९ मध्ये आलेला आकडा आहे, इथे आत ओढलं जाणं आणि पसरणं यांची तुलना करायला तोच कामाला येतो. बायोलॉजी हळूहळू येते, रिसेप्टरची नावं पाठ करायची गरज नाही.